वासाचा गुलाब



मागच्या खेपेला आपण दाराशी कढीपत्ता कसा लावायचा ते पाहिले. त्यानंतर एका भगिनीने मला विहारात गाठले आणि विचारले, "भाऊ, तुम्ही कधी कढीपत्ता सांगता, कधी मिरची, कधी अळू. सगळी खाण्याचीच झाडे. गरिबाने फूल लावूच नये काय?"

प्रश्न मनाला लागला. कारण आमच्या दाराशी मी ज्या झाडावर सर्वांत जास्त मेहनत घेतली, ते खाण्याचे झाड नाहीच. ते आहे गुलाबी रंगाच्या, सुवासिक गुलाबाचे. ते का लावले, त्यात दोन वर्षे कसा फसलो आणि तिसऱ्या वर्षी काय साधले, ते आज सांगतो. माझ्या चुका तुमच्या उपयोगी पडल्या तर त्या चुकांचेही सोने झाले असे मी समजेन.

माझ्या आईने वीस-बावीस वर्षे बंगल्यांतून धुणीभांडी केली. त्यांतल्या एका बंगल्याच्या फाटकापाशी गुलाबांचा वाफा होता. फुलाला हात लावायची मुभा नव्हती. पण अंगण झाडताना खाली गळलेल्या पाकळ्या ती पदराच्या गाठीला बांधून घरी आणायची आणि रात्री बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवायची. लहानपणी आमच्या खोलीला त्या रात्री जो वास यायचा, तो मला अजून आठवतो. आई त्या फुलाला 'वासाचा गुलाब' म्हणायची. बाकीचे नुसते गुलाब.

पुढे आमचे स्वतःचे घर झाले. घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे आठ फूट बाय पाच फुटांची जागा. तोवर आईच्या डोळ्यांत काचबिंदू झाला होता. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, आहे ती औषधाने टिकवायची असते. (म्हणून चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा, ही या निमित्ताने विनंती.) एकदा मी मोठ्या हौसेने लालभडक फुलांची कुंडी आणून तिच्यापुढे ठेवली. तिने हात फिरवला, नाकाशी नेले आणि म्हणाली, "आरं, रंग मला आता दिसत न्हाई. वास तर येतो का न्हाई? त्यो वासाचा गुलाब लाव. सहा डिसेंबरला साहेबाच्या फोटोला आपल्या दारातलं एक फूल वाहू दे."

एवढेच तिचे मागणे. कारकुनी करणाऱ्या मुलाला न झेपणारे असे त्यात काहीच नव्हते. तरी ते पुरे करायला मला तीन वर्षे लागली.

'जातिवंत' माल

सुट्टीच्या दिवशी एका नर्सरीत गेलो. मला गुलाबी रंगाचा, भरपूर वास असलेला, मोठ्या फुलाचा गुलाब हवा आहे असे सांगितले. माळ्याने एक कलम पुढे केले. चिठ्ठीवर नाव होते 'एफिल टॉवर'. म्हणाला, "घेऊन जा साहेब, एकदम जातिवंत माल आहे."

शब्द कानाला खटकला. गाय जातिवंत, घोडा जातिवंत, आता गुलाबही जातिवंत! बोललो काही नाही. कलम घेतले आणि घरी आलो. पण मनात आले की या गुलाबाची 'जात' तरी काय आहे ते बघावे. नगर वाचनालयात बसून जे वाचले, त्याने माझी चांगलीच करमणूक झाली.

या प्रकारच्या गुलाबांना 'हायब्रीड टी' म्हणतात. हायब्रीड म्हणजे संकरित. युरोपातले जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलायचे. चीनमधून जे गुलाब तिकडे गेले, ते वर्षभर पुन्हापुन्हा फुलणारे होते. त्यांतल्या काहींना चहाच्या पानासारखा वास येतो असे लोकांना वाटले, म्हणून त्यांचे नाव 'टी रोज' पडले. या दोन्हीकडच्या गुलाबांच्या मिश्रणातून पुढे जी झाडे झाली, तीच ही हायब्रीड टी. फ्रान्समधल्या ल्याँ शहरात गियो नावाच्या बागवानाने १८६७ साली 'ला फ्रान्स' नावाचा गुलाब लोकांपुढे आणला. रुपेरी झाक असलेला गुलाबी रंग आणि भरपूर सुगंध. हायब्रीड टी गुलाबांतला तो पहिला मानला जातो. आणि गंमत अशी की त्याचे आईबाप नेमके कोण, हे आजही खात्रीने सांगता येत नाही! ऋषीचे कूळ विचारू नये म्हणतात. गुलाबाचेही कोणी विचारले नाही. आमचे तेवढे शाळेत नाव घालताना पहिल्याच दिवशी विचारतात.

आमचा 'एफिल टॉवर' हा अमेरिकेत तयार झालेला, १९६३ सालचा. लांबट टोकदार कळी, उंच वाढणारे झाड, गुलाबी रंग आणि दाट वास. म्हणजे ज्याला माळी 'जातिवंत' म्हणत होता, तो पिढ्यान्‌पिढ्यांचा संकर निघाला. ज्या मनुस्मृतीचे बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन केले, तिच्या दहाव्या अध्यायात संकरातून जन्मलेल्यांना एकाखाली एक अशा पायऱ्यांवर बसवले आहे. गुलाबाच्या दुनियेत नेमके उलटे झाले. संकर झाला आणि फूल मोठे झाले, वर्षभर येऊ लागले, त्याचे मोल वाढले.

आपल्या देशातही हे काम मोठ्या माणसांनी केले. डॉ. बी. पी. पाल हे गव्हाच्या नव्या जाती काढणारे नामवंत शास्त्रज्ञ. १९६५ साली ते भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. गव्हाइतकेच त्यांचे गुलाबावर प्रेम होते आणि त्यांनी स्वतः संकर करून गुलाबाचे अनेक नवे वाण तयार केले.

जागा आणि खड्डा

आता कामाचे बोलू. गुलाबाला सर्वांत आधी ऊन लागते. दिवसाचे निदान सहा तास, आणि त्यात सकाळचे ऊन असलेच पाहिजे. भिंतीच्या सावलीत लावलेला गुलाब नुसता उंच होतो आणि रोगाला बळी पडतो. आमच्या आठ बाय पाच फुटांत सायकलीची जागा सोडून उन्हाचा एक कोपरा मिळाला, तो याला दिला.

खड्डा दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल घ्यावा. आठवडाभर त्याला ऊन दाखवावे. भरताना दोन भाग चांगली माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि माती चिकट असेल तर थोडी वाळू घालावी. वरून दोन मुठी निंबोळी पेंड आणि मूठभर सुपर फॉस्फेट. शेणखत काळे, भुसभुशीत आणि वास न येणारे हवे. ओले शेण घातले तर उष्णतेने मुळे जळतात आणि हुमणीही होते. एकापेक्षा जास्त झाडे असतील तर दोन-अडीच फुटांचे अंतर ठेवावे.

ज्यांच्याकडे जमीनच नाही, त्यांनी निराश होऊ नये. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा घ्यावा, तळाला पाच-सहा भोके पाडावीत, खाली खापराचे तुकडे घालावेत आणि विटांवर ठेवावा. चाळीच्या गॅलरीत ऊन येत असेल तर असा गुलाब उत्तम होतो. दोन वर्षांनी माती मात्र बदलावी लागते.

लावायची वेळ देशावर जून-जुलै किंवा पावसाळा सरताना सप्टेंबर-ऑक्टोबर. मुंबई-कोकणातल्या धो धो पावसात मुळे कुजतात, तिथे पाऊस संपल्यावरच लावावे.

लावताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. नर्सरीतला गुलाब म्हणजे दोन झाडांचा जोड असतो. खाली रानटी गुलाबाचा खुंट आणि त्यावर चांगल्या गुलाबाचा भरलेला डोळा. जोडाच्या जागी गाठ दिसते. ही गाठ जमिनीच्या दोन बोटे वर राहिली पाहिजे. मी पहिल्या वर्षी ती मातीत गाडली, आणि पुढचे रामायण तिथूनच सुरू झाले.

दोन वर्षे फसलो

पहिल्या वर्षी झाड जगले, पानांनी भरले. छाटणी करायची असते हे माहीत होते. पण ऑफिसातले काम, वस्तीतली सभा, वर्गणीचा हिशेब यात दिवस गेले आणि मी कात्री धरली ती नोव्हेंबरच्या मध्याला. सहा डिसेंबरला झाडावर नुसती कोवळी लाल पालवी होती. फूल आले जानेवारीत. आई काही बोलली नाही. बाजारातून विकत आणलेले फूल तिने हातात घेतले, वास घेतला आणि मुकाट्याने फोटोपुढे ठेवले. त्याला वास नव्हता. बाजारातले लांब दांड्याचे गुलाब टिकावेत, लांबच्या प्रवासाला पुरावेत म्हणून निवडलेले असतात, त्यामुळे बहुतेकांना वास नसतो.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात बुडातून तीन जोमदार फांद्या सरसरून वर आल्या. मी खूश! येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो. ऑक्टोबरमध्ये छाटताना त्या नव्या फांद्या ठेवल्या आणि जुन्या, मळकट दिसणाऱ्या कापल्या. डिसेंबर आला तरी कळी नाही. पुढे त्या फांद्यांवर फुले आली ती लहानशी, फिकट, झुपक्याची. तो माझा गुलाब नव्हताच. गाडलेल्या गाठीखालून खुंट फुटला होता. मी खुंटाला वाढवत होतो आणि डोळ्याला उपाशी मारत होतो.

मग माती उकरून गाठ मोकळी केली. खुंटाच्या फांद्या जिथून निघाल्या तिथपर्यंत जाऊन मुळासकट ओढून काढल्या. त्या नुसत्या जमिनीलगत कापल्या तर एकाच्या चार होतात. खुंटाची फूट ओळखायची कशी? पानाला सात पाती म्हणजे रानटी आणि पाच म्हणजे चांगला, असे लोक सांगतात. त्यावर विसंबू नये, कारण चांगल्या गुलाबालाही कधी कधी सात पाती येतात. फांदी गाठीच्या वरून निघाली की खालून, एवढेच पाहावे. गाठीच्या वर आमच्या गुलाबाची बोटभर फांदी जिवंत होती. तीवर सगळी आशा.

ऑफिसातला वाद

ही फजिती मी ऑफिसात डबा खाताना सांगितली. तेव्हा एक वरिष्ठ गृहस्थ हसून म्हणाले, "बघा, निसर्गातसुद्धा हेच आहे. खुंट तो खुंट आणि कलम ते कलम. रानटी ते शेवटी रानटीच राहणार."

बोलणे गुलाबाचे होते, पण रोख कुठे होता हे न कळण्याइतका मी भोळा नाही. पूर्वी असे काही ऐकले की घास घशात अडकायचा आणि उत्तर रात्री अंथरुणावर सुचायचे. या वेळी मात्र दोन वर्षांचा अभ्यास पाठीशी होता. मी म्हणालो, "साहेब, एक प्रश्न विचारतो. या उत्तम गुलाबाचे बी पेरले तर काय उगवेल?"

ते म्हणाले, "तोच गुलाब."

"नाही साहेब. तोच गुलाब कधीच उगवत नाही. शंभर बिया पेरल्या तर शंभर वेगळी झाडे होतील, आणि बहुतेक अगदी साधी. म्हणून तर डोळा भरावा लागतो. गुण जन्माने उतरत असते तर लोकांनी बी पेरूनच बागा केल्या असत्या. आणि खुंटाचे म्हणाल तर तोही गुलाबच आहे, त्यालाही स्वतःचे फूल आहे. त्याच्या मुळांत दम आहे म्हणून वरच्याचा थाट चालतो. पण हे झाले झाडाचे. माणसाला माणसावर कोणी डोळा भरून बसवलेले नाही. तशी व्यवस्था माणसांनी केली, आणि माणसांनीच ती मोडायची आहे."

डबा संपेपर्यंत कोणी बोलले नाही. मी काही फार मोठे सांगितले असे नाही. 'जातिप्रथेचे विध्वंसन' हे बाबासाहेबांचे भाषण लाहोरच्या सभेत होऊ दिले गेले नाही, म्हणून त्यांनी ते १९३६ साली छापून प्रसिद्ध केले. जातीने रक्त शुद्ध राहते या म्हणण्याचा त्यांनी त्यात पुरता समाचार घेतला आहे. आपल्या मुलांनी तो ग्रंथ वाचलाच पाहिजे. मी फक्त गुलाबाचा दाखला दिला.

आपल्या तारखा, गुलाबाच्या तारखा

तिसऱ्या वर्षी मी हिशेबाला बसलो. छाटणीपासून फूल उमलेपर्यंत थंडीच्या तोंडावर साधारण पंचेचाळीस ते पंचावन्न दिवस लागतात. सहा डिसेंबरपासून उलटे मोजत गेलो तर तारीख कोणती येते? चौदा ऑक्टोबर! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. त्या तारखेपासून महापरिनिर्वाण दिनापर्यंत त्रेपन्न दिवस होतात. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गुलाब छाटावा असेच जाणकारही सांगतात. तेव्हा लक्षात ठेवायला सोपे. चौदा ऑक्टोबरला वंदना झाली की कात्री हातात घ्यायची. त्या दिवशी पाऊस असेल तर दोन-चार दिवस थांबावे.

तसेच फेब्रुवारीच्या शेवटी हलकी छाटणी केली की चौदा एप्रिलच्या सुमारास फुले येतात. उन्हाळ्यामुळे ती लहान आणि फिकट असतात, पण भीमजयंतीला घरचे फूल मिळते.

ऑक्टोबरची छाटणी अशी करावी. आठवडाभर आधी पाणी कमी करावे. प्रथम वाळलेल्या, रोगट, काडीसारख्या बारीक आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या बुडातून काढाव्यात. मग तीन ते पाच जाड, निरोगी फांद्या ठेवून त्या गुडघ्याएवढ्या उंचीवर कापाव्यात. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर आणि तिरपा घ्यावा, म्हणजे नवी फांदी बाहेर वाढते आणि झाडाच्या पोटात हवा खेळते. कात्रीला धार हवी. फांदी चिरडली तर शेंड्याकडून काळी पडत खाली वाळत येते. कापलेल्या टोकांना मोरचूद आणि चुन्याची पेस्ट लावावी.

छाटल्यावर झाडाला घमेलेभर कुजलेले खत आणि मूठभर निंबोळी पेंड द्यावी, आणि पाणी सुरू करावे. पालवी फुटली की शेंगदाण्याची पेंड चार दिवस पाण्यात भिजवून, फिक्या चहाच्या रंगाएवढी पातळ करून दर पंधरवड्याला द्यावी. कळी दिसू लागली की तिच्या बाजूच्या बारीक कळ्या खुडाव्यात. सगळा जोर एका फुलात जातो.

काट्यांचे एक सांगून ठेवतो. शेणखतात हात आणि हाताला काट्याची जखम, हे धनुर्वाताला आमंत्रण आहे. धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेवर घ्यावे आणि जुन्या मोज्यांचे का होईना, पण हातमोजे घालावेत.

पाणी, कीड आणि रोग

आमच्याकडे नळाला पाणी एक वेळ येते. तुमच्याकडेही तसेच असेल. गुलाबासाठी वेगळे पाणी लागत नाही. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी रोज बादलीत साठवावे आणि तेच द्यावे. साबणाचे आणि मिठाचे पाणी नको. थंडीत जमिनीतल्या झाडाला दोन-तीन दिवसांनी, डब्यातल्या झाडाला रोज किंवा दिवसाआड पुरते. बोट मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर थांबावे. पाणी सकाळी, बुडाशी द्यावे, पानांवर शिंपडू नये. बुडाशी वाळलेला पाला पसरला की ओल टिकते. तो गाठीला मात्र चिकटू देऊ नये.

पानांवर काळे ठिपके येऊन पाने पिवळी पडली तर ती वेचून घराबाहेर टाकावीत, खतात टाकू नयेत. थंडीत पानांवर पांढरी भुरी आली तर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम घालून सकाळी फवारावे. कोवळ्या शेंड्यांवर हिरवा-काळा मावा दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावा. न गेल्यास निंबोळ्यांची पूड लिटरला पन्नास ग्रॅम रात्रभर भिजवून, गाळून फवारावी. फांदीवर पांढुरके खवले चिकटले तर जुन्या दात घासायच्या ब्रशने खरवडावेत. दुकानदार देईल ते जहाल औषध आणू नये. आपले अंगण लहान असते आणि तिथेच मुले खेळतात.

फूल काढताना लांब दांडा घेण्याचा मोह टाळावा. पाच पात्यांची दोन-तीन पाने झाडावर राखून वर कापावे. पाच-सहा आठवड्यांत तिथूनच दुसरे फूल येते. वास हवा असेल तर फूल सकाळी, पाकळ्या अर्ध्या उघडल्या असताना काढावे. गुलाबाचा वास पाकळ्यांतल्या उडून जाणाऱ्या तेलाचा असतो. भर दुपारच्या कोरड्या उन्हात तो निघून जातो.

सहा डिसेंबर

तिसऱ्या वर्षी चौदा ऑक्टोबरला छाटणी केली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कळी दिसली. आई रोज सकाळी विचारायची, "केवढी झाली?" मी तिचे बोट कळीला लावायचो. वाटाण्याएवढी, मग बोराएवढी. चार डिसेंबरला हिरव्या आवरणातून गुलाबी टोक बाहेर आले. पाच तारखेला ढग आले आणि माझा जीव टांगणीला लागला.

सहा तारखेला पहाटे मी उठलो तेव्हा आई आधीच उंबऱ्यावर बसली होती. म्हणाली, "उमललंय." तिला दिसत नव्हते, पण खोटे नव्हते. मी फूल कापून तिच्या ओंजळीत ठेवले. तिने बराच वेळ वास घेतला. मग म्हणाली, "ह्योच. ह्योच त्यो." शेजारच्या बायका आल्या, मुले आली, सर्वांनी मिळून त्रिसरण-पंचशील घेतले आणि आईने स्वतःच्या हाताने चाचपत ते फूल फोटोपुढे ठेवले.

पुष्पपूजेत आपण म्हणतो त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. हे फूल जसे कोमेजते तसेच हे शरीरही विनाशाकडे जाते. फूल देवाला खूश करायला नाही, अनित्यतेची आठवण ठेवायला वाहायचे. चार दिवसांनी पाकळ्या गळल्या. मी केर काढायला गेलो तर जमिनीवर एकही पाकळी नव्हती. आईने हाताने चाचपून सगळ्या वेचल्या होत्या आणि पदराच्या गाठीला बांधल्या होत्या. जुनी सवय.

काही बांधव म्हणतील, आज हार-फुलांऐवजी वही-पेन अर्पण करा असे आपण सांगत असताना हे फुलांचे कौतुक कशाला? ते आवाहन योग्यच आहे आणि मी स्वतः ते वस्तीत करतो. म्हणूनच म्हणतो, विकतचे हार बंद करा, त्या पैशांच्या वह्या घ्या आणि दारातले एकच फूल वाहा. एका मोठ्या हाराच्या पैशांत एक कलम येते, आणि ते नीट जपले तर दहा वर्षेही फुलते.

त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच. गरिबाने फूल जरूर लावावे. आपल्या आयाबहिणींनी दुसऱ्यांच्या बागा पुष्कळ झाडल्या. आता एक झाड आपल्या दाराशी असू दे. आणि नर्सरीवाला 'जातिवंत' म्हणाला तर हसून सांगा, "दादा, संकरित म्हणा. तोच त्याचा मोठेपणा आहे."

पुढच्या खेपेला डब्यात लिंबू कसे लावायचे ते पाहू.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!